डावीकडची पूर्व

१२ फेब्रुवारी

डॉक्टर,

मायना काय लिहावा यावरच बराच वेळ गेला. 'चिरंजीव' लिहिण्याचा हक्क घटस्फोटाच्या कागदाने संपला, आणि 'माननीय' लिहिलं असतं तर आमची खारू हसली असती. म्हणून घरात तुम्हाला जे म्हणायचो तेच लिहिलं. शेजारचे गृहस्थ अजून विचारतात, तुमचे ते डॉक्टर गुडघ्यावर काही औषध देतात का. तुम्ही ताऱ्यांचे डॉक्टर आहात हे त्यांना पटलेलं नाही. तुम्ही आता आमचे राहिला नाहीत, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

खारू गेल्याचं तुम्हाला तिच्या संस्थेकडून कळलं असेल. आम्ही कळवलं नाही. तुमच्याकडूनही चार ओळी आल्या नाहीत. पण हे पत्र त्याबद्दल नाही.

काल तिच्या प्रमुख बाई घरी आल्या होत्या. खुर्चीच्या कडेवर बसल्या, चहा तसाच निवू दिला आणि म्हणाल्या, "तिचं शेवटचं काम अर्धं राहिलंय."

मी म्हटलं, "अर्धं कसं? हॉस्पिटलात जायच्या आधी तिने पूर्ण करून तुम्हाला दिलं. माझ्यासमोर पाठवलं."

"तिच्या बाजूने पूर्ण आहे. आमच्याकडे एकट्याने पाहिलेलं पाहिलं असं धरत नाहीत."

मग त्यांनी तुमचा नियम सांगितला. दुर्बिणींनी टिपलेली तीच निरीक्षणं दोन माणसं दोन देशांत बसून तपासतात. प्रत्येकाने आपापली रीत वापरायची. दोघांचे निकाल बाईंकडे बंद राहतात आणि दोन्ही आल्यावर सगळ्यांसमोर एकदम उघडतात. तोवर त्या दोघांनी निकालाबद्दल एकमेकांशी अवाक्षर काढायचं नाही.

माझी नोकरी वजनमापे खात्यात गेली. दुकानदाराचं वजन आम्ही आमच्या वजनाशी ताडून पाहायचो आणि आमचं वजन वरच्या कचेरीतल्या वजनाशी. आपलं वजन आपल्याच वजनाने तपासलं तर ते कायम बरोबर भरतं. त्यामुळे नियम मला समजावून सांगावा लागला नाही. मला नवीन होतं ते एवढंच, की दुसरे तपासनीस तुम्ही आहात, आणि ती गेल्यावर तुम्ही 'माझ्याकडून होणार नाही' असं कळवून काम सोडलंत.

"जगात काय माणसं संपली होती?" खारूच्या आईने विचारलं.

बाई म्हणाल्या, "मीही तेच म्हटलं होतं. पण तिने त्यालाच मागून घेतलं. म्हणाली, बाकीचे मला आजारी समजून सोडून देतील. तो माझी एकही चूक सोडत नाही. संसारात सोडली नाही, इथे काय सोडणार!"

खारूची आई हसली. खारू गेल्यापासून पहिल्यांदाच. मग उठून आत गेली.

मी बाईंना विचारलं, दुसरी तपासणी झालीच नाही तर? त्या म्हणाल्या, "तर ते काम कपाटात जाईल. आमच्याकडे अशी पुष्कळ कपाटं आहेत. नवा माणूस नेमायचा तर त्याला अगदी पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल, आणि तसा माणूस मोकळा नाही."

डॉक्टर, मी मागायला आलेला माणूस आहे म्हणून स्पष्ट मागतो. काम पुरं करा. माझ्या मुलीने जे पाहिलं ते खरोखर तिथे आहे की नाही, हे मला माझ्या डोळ्यांदेखत कळायला हवं. खरं नसेल तर तसं कळू दे. कपाट नको.

खारूचे बाबा

२० मार्च

डॉक्टर,

तुमचं पत्र आलं. दोनदा वाचलं, मग खारूच्या आईला वाचून दाखवलं. तिने मधे थांबवलं नाही. ही तिच्या बाबतीत मोठी गोष्ट आहे, तुम्हाला ठाऊक आहे.

तुम्ही लिहिलंत की आजाराचं तुम्हाला बाईंकडून कळलं होतं. तुम्ही फोन हातात घेतलात आणि खाली ठेवलात, कारण काम सुरू करतानाच खारूने तुम्हाला बजावलं होतं: 'निकाल उघडेपर्यंत बोलायचं नाही. आपण बोलायला लागलो की कामावर येतो, आणि तुझ्या नुसत्या "हं" वरून मला कळतं तुला काय सापडलंय ते.' तुम्ही ठरवलंत की रात्रंदिवस बसून काम संपवायचं, निकाल उघडायचा आणि मग पहिल्या विमानाने यायचं. ती तोवर थांबेल असं तुम्ही धरून चाललात. आणि आम्ही तुमच्याबद्दल विचारलं की ती एवढंच म्हणायची, "त्याचं काम चाललंय."

मी बाईंना फोन करून खात्री करून घेतली. नियम फक्त निकालाबद्दल आहे. तब्येत विचारू नये असं त्यात कुठेही नाही. तुम्ही दोघांनी मिळून नियमाला नियमापेक्षा जास्त पाळलंत. अशी चूक मी नोकरीत अनेकदा पाहिली आहे, पण ती करणारी माणसं सहसा लबाड नसतात.

खारूच्या आईचं मत वेगळं आहे. लपवत नाही, तिच्याच शब्दांत लिहितो: "ही सबब आहे. त्याला यायचं नव्हतं. आणि न बोलता काम केलं म्हणे! नवराबायको होते ते. एकमेकांच्या ताटातलं उचलून खायची सवय. चोरून विचारलंच असेल. कामापुरतं बोलायला वेळ होता, तिला बघायला नव्हता." मी म्हटलं, तुला कसं कळलं? तर म्हणाली, "मला आई म्हणून कळतं, तुम्हाला काटा लागतो."

पण तुम्ही काम पुन्हा हातात घेतलंत, त्याबद्दल आभारी आहे.

एक अडचण आहे. खारूने तिचा निकाल मला सांगितला आहे. हॉस्पिटलात एका दुपारी पडल्या पडल्या सांगितला. मी बाहेरचा माणूस, मला सांगायला बंदी नव्हती. तेव्हा तिचा चेहरा कसा होता ते लिहायला गेलो... [पुढच्या दोन ओळी खोडलेल्या]

वरच्या दोन ओळी मीच खोडल्या आहेत. उजेडासमोर धरून वाचू नका. चेहरा लिहिला तरी त्यात निकाल येतो, हे लिहिताना लक्षात आलं. खारूच्या आईचं म्हणणं, "सांगून टाका ना, त्याचं काम लवकर उरकेल." मी म्हटलं, मग ते त्याचं काम राहणार नाही.

तब्येतीला जपा. हे म्हणायला बंदी नाही.

खारूचे बाबा

४ मे

डॉक्टर,

मी तुमच्या दुर्बिणी पाहून आलो. तिथल्या खोलीत खारूचे थोडे कपडे आणि पुस्तकं राहिली होती. ती टपालाने पाठवू म्हणाले, मी म्हटलं मी येतो. खारूची आई आली नाही. तिला त्या जागेचा राग आहे.

शेवटच्या गावानंतर रस्ता चढत गेला आणि झाडं संपली. मग वळणावर त्या दिसल्या. फोटो मी पुष्कळ पाहिले होते. त्यांचा काही उपयोग झाला नाही. दिवसा त्या तोंड खाली करून, सूर्याकडे पाठ करून उभ्या असतात. एवढ्या अवाढव्य वस्तू आणि अशा मान घालून उभ्या, की आपला आवाज आपोआप खाली येतो. मी गाडीतून उतरून तिथेच उभा राहिलो. ड्रायव्हरलाही याची सवय असावी. त्याने इंजिन बंद केलं आणि वाट पाहिली.

तिथला इंजिनिअर, ज्याला खारू लांब्या म्हणायची, तो दारातून खरोखर वाकून येतो. त्याने मला आरशांजवळ नेलं. मी समजत होतो एक मोठा आरसा असेल. तर प्रत्येक दुर्बिणीत शेकडो लहान आरसे, आणि प्रत्येकाला मागून स्वतःचे स्क्रू. ते सगळे एका जागी पाहायला लावणं हेच त्याचं काम. मी विचारलं, "कंटाळा येत नाही?" तर म्हणाला, "शेकडो माणसांना एका ठिकाणी पाहायला लावण्यापेक्षा सोपं आहे. आमची मीटिंग पाहिलीत का कधी?"

त्यानेच सांगितलं की मागच्या वर्षी तुम्ही दोघं एकदा एकाच पाळीत आला होतात. "जेवायला दोन टोकांच्या टेबलांवर बसायचे. मीठ हवं असलं तरी मला मधे घालायचे. नव्याने आलेल्यांना वाटायचं यांचं भांडण आहे. मी सांगायचो, भांडण कधीच संपलं, आता तपासणी चाललीय." हे मी घरी आल्यावर खारूच्या आईला सांगितलं. ती म्हणाली, "लोकांसमोर काय, कोणीही बसेल लांब."

अंधार पडल्यावर त्यांनी मला कंट्रोल रूममध्ये बसू दिलं. बाहेर त्या माना हळूहळू वर उठल्या. आत पाच देशांची पाच माणसं, आणि भिंतीवर पांढरा फळा. त्यावर प्रत्येकाने आपापल्या भाषेत 'आभाळ स्वच्छ' लिहून ठेवलेलं. आपल्या अक्षरात खारूचं होतं. 'च्छ' तिला लहानपणापासून नीट काढता आलं नाही, तसाच. फळा रोज पुसतात. तेवढी बाजू पुसत नाहीत.

जे समजलं ते लिहितो, चुकलं तर हसू नका. तुम्ही शोधता ते गॅमा किरण जमिनीपर्यंत येतच नाहीत. हजारो वर्षं प्रवास करून वर हवेवर आदळतात आणि तिथेच संपतात. संपताना निळसर उजेड पडतो. डोळ्याची पापणी हलायला जेवढा वेळ लागतो, त्यात असे लाखो उजेड होऊन जातील, इतका तो अल्प. तेवढा धरायचा, आणि त्यावरून तो किरण आभाळात कुठून निघाला ते उलट मोजत जायचं. मी जन्मभर वजनं तपासली. इथे मोजायच्या मालाला वजनच नाही, माल पोहोचायच्या आत संपलेला, आणि तरी कुठून आला ते सांगतात. मी लांब्याला म्हटलं, "आमच्या खात्याने तुम्हाला परवाना दिला नसता." तो इतका हसला की बाकीचे वळून पाहायला लागले.

मग पडद्यावर एक गोल कडं उमटलं आणि गेलं. अगदी कंपासने काढल्यासारखं. मी विचारलं हे काय. एक मुलगी म्हणाली, "एकच कण आरशाजवळून गेला. एकटा गेला की असं कडं दिसतं. आम्ही त्यावरून दुर्बीण नीट पाहतेय का ते तपासतो." पुन्हा एक आलं. मग आणखी. मला तिथून उठवेना. खारू सणावाराला घरी का येत नाही, म्हणून आम्ही तिला बोलायचो. एकदा इथे येऊन बसलो असतो तर विचारलं नसतं.

तुमचं काम कुठवर आलं हे मी विचारत नाही.

खारूचे बाबा

१७ ऑगस्ट

डॉक्टर,

आज दुपारी बाईंच्या कचेरीत पडद्यासमोर बसून मी निकाल उघडताना पाहिला. तुमच्या शेजारच्या चौकोनांत कोणाकडे सकाळ होती, कोणी दिवा लावून बसलं होतं, एकाच्या मांडीवर मूल झोपलं होतं. तुम्ही मला पाहिलं की नाही माहीत नाही. तुम्ही बारीक झालात.

आता सांगायला हरकत नाही. त्या दुपारी खारू मला म्हणाली होती, "बाबा, तिथे काहीतरी आहे. ज्याच्यासाठी दुर्बिणी तिकडे लावल्या होत्या ते मधोमध आहे आणि तिथे काहीच नाही. पण बाजूला कोपऱ्यात काहीतरी जळतंय, आणि ते जगात कोणाच्याच यादीत नाही. आत्ता या घटकेला हे फक्त मला माहीत आहे. आणि तुम्हाला." त्या वेळी तिचा चेहरा पहिलीत शाळेतून पळत आल्यावर असायचा तसा होता. हेच मी मार्चमध्ये खोडलं होतं.

बाईंनी दोन्ही नकाशे शेजारी शेजारी लावले. तिच्या नकाशात मध्याच्या उजवीकडे ठिपका. तुमच्यात मध्याच्या डावीकडे. तिच्या ठिपक्याच्या जागी तुमच्याकडे काही नाही, आणि तुमच्या जागी तिच्याकडे काही नाही.

मग पडद्यावरचे एक म्हातारे गृहस्थ अगदी हळू म्हणाले, "दोन वेगळ्या जागा म्हणजे बहुधा दोन्ही नाहीत. नुसती आकड्यांची खळबळ असेल." त्यांनी ते वाईट हेतूने म्हटलं नाही. मीही त्यांच्या जागी असतो तर तेच म्हटलं असतं. दोन काटे दोन वजनं दाखवायला लागले तर आम्ही दोन्ही जप्त करायचो.

घरी आलो. खारूची आई दारातच उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि आत वळली. ताट वाढलं.

डॉक्टर, तुम्ही आता चूक शोधायला बसाल. माझं एकच सांगणं आहे. ती तिची निघाली तर तिची म्हणा. आमच्याकडे पाहून, तिच्याकडे पाहून हात आखडू नका. तिने तुम्हाला ज्यासाठी मागून घेतलं होतं ते करायची वेळ आता आली आहे.

खारूचे बाबा

९ सप्टेंबर

डॉक्टर,

तुमचं पत्र आणि बाईंचा फोन एकाच दिवशी आले. समजायला वेळ लागला. बरोबर समजलं का पाहा.

जमिनीचा नकाशा आपण वरून पाहतो, म्हणून पूर्व उजवीकडे येते. आभाळाचा नकाशा खाली उभं राहून वर पाहत काढतात, म्हणून त्यात पूर्व डावीकडे. तुमच्या धंद्यातला प्रत्येक नवा माणूस यात एकदा तरी फसतो, असं तुम्ही लिहिलंत. खारू नवी नव्हती. पण आजारात, हॉस्पिटलात जायच्या आधीच्या दिवसांत, तिने कॉम्प्युटर प्रोग्रॅममधला नकाशा काढायचा भाग घाईने नव्याने लिहिला, आणि पूर्व उजवीकडे गेली. सगळा नकाशा आरशातल्यासारखा फिरला. लक्ष्य मधोमध असल्यामुळे ते जागच्या जागी राहिलं आणि चूक कोणाच्या नजरेत भरली नाही.

आणि तुम्ही ती कशी पकडलीत, तेही समजलं. त्या भागात एक ठळक तारा आहे. त्याच्या उजेडाने कॅमेऱ्याचे डोळे दिपू नयेत म्हणून तेवढे बंद ठेवतात, त्यामुळे नकाशात ताऱ्याच्या जागी खड्डा पडतो. तुमच्या नकाशात खड्डा ताऱ्यावर होता. तिच्या नकाशात जिथे कुठलाच तारा नाही तिथे. तिचा नकाशा उलटा फिरवला तेव्हा खड्डा ताऱ्यावर आला आणि ठिपका तुमच्या ठिपक्यावर. बाईंनी सांगितलं, ते म्हातारे गृहस्थ उठून उभे राहिले. नुसतेच उभे राहिले, मग बसले.

म्हणजे ते आहे, डॉक्टर. हजारो वर्षं ते तिथे जळतंय, आपण सगळे जन्मायच्या आधीपासून, आणि माझ्या मुलीने ते पहिल्यांदा पाहिलं. मी हे वाक्य लिहून बराच वेळ पाहत बसलो.

आता तुमच्या प्रश्नाबद्दल. तुम्ही विचारलंत की लेखात तिचा नकाशा सरळ करून छापू का, दोन्ही तपासण्या जुळल्या एवढंच लिहू का. बाईंची हरकत नाही, म्हातारे गृहस्थही तयार आहेत. तुम्ही हे मायेने विचारलंत, हे मला कळतं.

तुमचं हे पत्र मी जेवणानंतर खारूच्या आईला वाचून दाखवलं. पूर्व-पश्चिम तिला कळेना, म्हणून मी वर्तमानपत्राच्या कागदावर नकाशा काढला आणि डोक्यावर उताणा धरून दाखवला. ती पाहत राहिली. मग म्हणाली, "थांबा. त्यांनी एकदा जरी चोरून विचारलं असतं तर?"

मी म्हटलं, "तर चूक त्याच दिवशी सापडली असती. तो म्हणाला असता डावीकडे, ती म्हणाली असती उजवीकडे, आणि दोघांनी तिथेच एकमेकांचं डोकं खाल्लं असतं."

"म्हणजे नाहीच विचारलं."

"नाही."

"ती तिकडे तशी पडलेली, आणि हा इकडे फोन समोर ठेवून..." माझ्या हातातला कागद तिने घेतला, घडी घातली, पुन्हा उघडली. मग म्हणाली, "दोघंही सारखेच बावळट. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं."

म्हणून माझं उत्तर असं. तिची चूक छापा. कुठे झाली, कशी सापडली, सगळं. दोन्ही नकाशे पहिल्याच वेळी जुळले असते तर कोणीतरी म्हणालं असतंच की पूर्वीच्या नवऱ्याने मेलेल्या बायकोची री ओढली. आता कोणाची टाप नाही. तुम्ही दोघं बोलला नव्हतात याचा एवढा पक्का पुरावा दुसरा नाही, आणि तो तिने स्वतःच्या हाताने ठेवला आहे.

बाईंनी आणखी एक विचारलं. लेखाखाली सगळ्यांची नावं येतात. कितीतरी देशांची माणसं, अक्षरांच्या क्रमाने, लहानमोठं कोणी नाही. जे हयात नाहीत त्यांच्या नावापुढे बारीक खूण असते. ती छापायला आमची परवानगी हवी होती. खारूच्या आईने सही केली. मी विचारलं, वाचलंस का सगळं? म्हणाली, "एवढ्या लोकांनी तिच्या बरोबर सही केली, मला काय वाचायचंय."

आज दुपारी ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती. मला हाक मारून विचारलं, "ते आत्ता कुठे आहे?" मी तुमच्या पत्रातल्या आकड्यांवरून हिशेब केला. या दिवसांत ते भर दुपारी जवळजवळ डोक्यावर असतं. वर लख्ख ऊन होतं, निळं आभाळ, पाहायला काहीच नाही. "म्हणजे आत्तासुद्धा येतंय?" मी म्हटलं, "येतंय. दिसत नाही एवढंच." तिने हातातली चादर तशीच ओली धरून ठेवली आणि मान वर करून उभी राहिली. पाणी पायावर ठिबकत होतं. मीही उभा राहिलो.

खाली आल्यावर म्हणाली, त्याला लिहा. म्हणून लिहितो. तपासणी संपली, डॉक्टर, आता कसलीही बंदी नाही. जिच्याशी बोलायचं होतं ती राहिली नाही, पण तिच्या आईने खारूची खोली झाडून ठेवली आहे, आणि तुम्ही कोणत्या विमानाने येताय हे ती मला सकाळपासून विचारते आहे.

बाबा